इंटिरिअर डिझायनरचा पोर्टफोलिओ नव्याने मांडताना: निवड, फोटो, मजकूर आणि हवा तसा क्लायंट

पोर्टफोलिओ अपडेट करायचा म्हणजे नव्या साइटचे फोटो वर टाकायचे आणि जुने खाली सरकू द्यायचे, असाच सर्वसाधारण रिवाज आहे. पाच-सहा वर्षं असं चाललं की तिथे दवाखान्याचं रिसेप्शन, मुलांची खोली, एखादं दुकान, कुणाचा बंगला आणि एक सुटं किचन अशी सरमिसळ होऊन बसते. मग चौकशाही तशाच येतात. ‘फक्त टीव्ही युनिट करून द्याल का’ असा फोन येतो तेव्हा दोष त्या माणसाचा नसतो. त्याने तुमच्या पानावर टीव्ही युनिटच पाहिलेलं असतं.

पाहणाऱ्याला तुमच्या कारकिर्दीचा इतिहास नको असतो. आपल्यासारखी जागा, आपल्यासारख्या अडचणी असताना या डिझायनरने काय केलं, एवढंच तो शोधतो. म्हणून पोर्टफोलिओ म्हणजे आजवरच्या कामांची नोंदवही असं न मानता, पुढे जे काम हवं आहे त्याची ती मागणी आहे असं धरून तो बांधावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणातून निघतात. एकट्याने काम करणाऱ्याने हे सगळं नीट करायचं तर सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवावेत. त्यातला बराच वेळ परवानग्या आणि फोटोशूटच्या तारखा जुळवण्यात जातो.

पायरी १: आधी क्लायंट ठरवा

फोटोंचं फोल्डर उघडण्याआधी एक तक्ता करा. गेल्या दोन-तीन वर्षांत पूर्ण झालेली कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे हे रकाने भरा: जागेचा प्रकार, क्षेत्रफळ, काम किती महिने चाललं, हातात आलेली फी, स्वतःचे गेलेले तास, ड्रॉइंग किती वेळा बदललं, निर्णय कोण घेत होतं, क्लायंट कुठून आला, आणि असं काम पुन्हा घ्याल का.

फीला तासांनी भागलं की चित्र स्पष्ट होतं. नावाला मोठं वाटणारं काम तासामागे अनेकदा कमी देतं, कारण निर्णय घेणारी माणसं जास्त असतात आणि मंजूर झालेला लेआउट पुन्हा पुन्हा उघडला जातो. उलट मध्यम आकाराचं, एक किंवा दोन माणसांनी ठरवलेलं काम वेळेत संपतं आणि पुढे दोन ओळखीही देतं. कुठलं काम तुम्हाला परवडतं हे अंदाजाने ठरवू नका, या तक्त्यावरून ठरवा.

मग हव्या असलेल्या क्लायंटचं वर्णन दोन-तीन वाक्यांत लिहा. ‘चांगल्या अभिरुचीची कुटुंबं’ हे वर्णन कामाचं नाही, कारण ते कुणालाही लागू होतं. ‘८०० ते १,३०० चौरस फुटांची, दहा-पंधरा वर्षं वापरलेली घरं, नूतनीकरणासाठी दोन-तीन महिने दुसरीकडे राहण्याची तयारी, दोघांनी मिळून निर्णय घेणारे, साहित्याची निवड डिझायनरवर सोडणारे’ हे वर्णन कामाचं आहे. त्याखाली या माणसाच्या तीन-चार धास्ती लिहा. काम लांबेल का? खर्च हाताबाहेर जाईल का? सामान मावेल का? फोटोत छान दिसणारी गोष्ट वर्षभरात खराब होईल का? पोर्टफोलिओतल्या प्रत्येक प्रकल्पाने यांतल्या निदान एका शंकेला उत्तर द्यायला हवं.

पायरी २: छाटणी

प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारा. हेच काम पुन्हा मिळालं तर आनंदाने घ्याल का? याचे चांगले फोटो आहेत का, किंवा आता काढता येतील का? यातला कुठला निर्णय तुमचा होता हे सांगता येईल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे दोन विचारायचंही कारण नाही. तो प्रकल्प बाहेर, मग त्याला बक्षीस मिळालेलं असलं तरी.

सहा ते आठ पूर्ण प्रकल्प पुरतात. चारच चांगले असतील तर चारच ठेवा. आकडा भरून काढण्यासाठी टाकलेलं कमकुवत काम फार महाग पडतं. पाहणारा तुमचा दर्जा सर्वोत्तम फोटोवरून ठरवत नाही. आपल्या वाट्याला बहुधा सगळ्यात साधं काम येईल असं गृहीत धरतो.

जुन्या नोकरीत केलेली कामं हा नाजूक विषय आहे. जिथे तुम्ही फक्त वर्किंग ड्रॉइंग (कारागिरांसाठीचे मोजमापांसह नकाशे) केली असतील तिथे तेवढंच स्पष्ट लिहा, त्या संस्थेची परवानगी घ्या, किंवा तो प्रकल्प सरळ गाळा. क्षेत्र लहान असतं आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवल्याची बातमी लवकर पसरते.

वगळलेलं काम नष्ट मात्र करू नका. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कुणी नेमकी तशीच चौकशी केली तर खासगीत पाठवता येतं. वेबसाइटवरून पान काढत असाल तर जुन्या पत्त्यावरून जवळच्या एखाद्या प्रकल्पाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुनी लिंक आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावा. नाहीतर शोधातून किंवा जुन्या लिंकवरून येणाऱ्याला रिकामं पान दिसतं आणि त्या पानाने शोधात कमावलेलं वजन वाया जातं.

क्रम तारखेनुसार लावायचा नाही. तुमच्या वर्णनातल्या क्लायंटला सगळ्यात जवळचा वाटेल तो प्रकल्प पहिला, त्याच्या खालोखाल ताकदीचा शेवटी. सारख्या रंगसंगतीचे दोन प्रकल्प शेजारी आले तर पाहणाऱ्याला ते एकच वाटतात, म्हणून त्यांच्यामध्ये वेगळं काम घाला.

पायरी ३: परवानग्या लेखी घ्या

फोटो काढण्याची परवानगी कामाच्या करारातच एका कलमाने घेतलेली बरी. काम संपल्यावर मागायला गेलं की क्लायंट थकलेला असतो, शेवटचा हप्ता बाकी असतो, आणि विषय टळतो. कलमात इतकं तरी असावं: कुठल्या खोल्या, कुठे वापरणार, नाव किंवा परिसर सांगणार की नाही, आणि हँडओव्हरनंतर (जागा क्लायंटच्या ताब्यात दिल्यावर) साधारण किती आठवड्यांत एक दिवस शूटसाठी मिळणार. वेबसाइट, सोशल मीडिया, छापील माध्यमं आणि स्पर्धा यांची नावं वेगवेगळी लिहा.

फोटोग्राफरशीही तसाच कागद करा. पैसे दिले म्हणजे फोटोचे सगळे हक्क आपले झाले, हे सगळीकडे खरं नसतं. याबाबतचा कायदा देशोदेशी वेगळा आहे. वापर कुठे, किती काळ, कापून किंवा रंग बदलून वापरता येईल का, आणि लाइट, टाइल किंवा फर्निचर बनवणाऱ्या कंपनीला फोटो देता येईल का, हे आधी ठरवा. भिंतीवरच्या चित्रावर चित्रकाराचा हक्क असतो. चित्रच फोटोचा मुख्य विषय होत असेल तर त्याचीही परवानगी लागू शकते.

घराची सुरक्षितता ही तुमचीही जबाबदारी आहे. कुटुंबाचे फोटो, प्रमाणपत्रं, दारावरची पाटी, तिजोरी, मुख्य दाराचं कुलूप, सुरक्षा कॅमेऱ्यांच्या जागा, आणि खिडकीतून दिसणारी, इमारत ओळखू येईल अशी खूण यांतलं काहीही फ्रेममध्ये राहू देऊ नका. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या एक्झिफ माहितीत (फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या नोंदीत) जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. एक्स्पोर्ट करताना ही माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो. तो कायमचा चालू ठेवा.

आणखी एक. एखाद्या मासिकाकडे प्रकल्प पाठवायचा असेल तर ते आधी ठरवा. अनेक संपादकांना आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं काम हवं असतं. सगळे फोटो सोशल मीडियावर टाकून झाल्यावर तो दरवाजा बंद होतो.

पायरी ४: फोटो

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चांगलं काम वाईट फोटोत हरतं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सावरता येत नाही.

कधी काढायचे? स्नॅगिंगची (राहिलेल्या किरकोळ दुरुस्त्यांची) यादी संपली, पडदे लागले, दिवे बसले की. रिकामं घर शोरूमसारखं दिसतं आणि सामानाने भरलेलं गोंधळलेलं. राहायला आल्यावर चार ते आठ आठवड्यांनी घराची घडी बसते. पुस्तकं लागलेली असतात, खुर्च्यांच्या जागा ठरलेल्या असतात, पण अजून ढीग झालेले नसतात. तो काळ साधावा.

शूटच्या आधी एकदा साइटवर जाऊन कुठल्या खोलीत केव्हा उजेड येतो ते टिपून ठेवा. थेट ऊन आत पडलं की जमिनीवर पांढरे ठिपके आणि बाजूला काळ्या सावल्या येतात, आणि दोन्हीकडचा तपशील जातो. सूर्य खोलीच्या दुसऱ्या बाजूला असतानाचा मऊ उजेड जवळपास नेहमीच चांगला. म्हणून पूर्वेकडच्या खोल्या दुपारनंतर, पश्चिमेकडच्या सकाळी. या वेळांप्रमाणे फ्रेमची यादी करा. दिवसभरात नीट मांडलेल्या १२ ते १८ फ्रेम मिळाल्या तर दिवस चांगला गेला असं समजा. पन्नास फ्रेम मिळाल्या असतील तर बहुधा मांडणीकडे कुणी पाहिलेलं नाही.

रंग बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण मिश्र उजेड. दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाची छटा मोजण्याचं एकक) असतो आणि उबदार दिवे २,७०० ते ३,००० केल्विनचे. दोन्ही एकत्र आले की खिडकीजवळची भिंत निळसर आणि दिव्याखालची पिवळी दिसते. ज्या पांढऱ्या रंगाची छटा निवडायला तुम्ही आठवडा घालवला, ती कुठेच खरी दिसत नाही. उपाय सोपा आहे: मुख्य फोटो दिवे बंद ठेवून नैसर्गिक उजेडात काढा. प्रकाशयोजना दाखवायचीच असेल तर तेच फोटो संध्याकाळी, बाहेरचा उजेड मावळताना वेगळे काढा, आणि त्या खोलीतले सगळे दिवे एकाच केल्विनचे आहेत ना ते आधी पाहा. एखादा बदललेला पांढरा बल्ब पूर्ण फ्रेम बिघडवतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, पाण्याच्या पातळीसारखा सपाट. उंची डोळ्यांच्या बरीच खाली: दिवाणखान्यात जमिनीपासून १०० ते १२० सेंटिमीटर, बेडरूममध्ये ९० ते १००, किचनमध्ये १२० ते १३०, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग पातळ पट्टीसारखा दिसतो आणि खालची कपाटंही नीट येतात. उभ्या उंचीवरून काढलं की फर्निचर बुटकं दिसतं आणि जमीनच जास्त येते. कॅमेरा वर किंवा खाली झुकवला की भिंती तिरप्या होतात, म्हणून झुकवण्याऐवजी उंची बदला. थोडं तिरपेपण राहिलंच तर एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ करता येतात.

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ ते ३५ मिलिमीटरची लेन्स बहुतेक खोल्यांना पुरते. १६ मिलिमीटरचा मोह टाळा. खोली दुप्पट मोठी दिसते खरी, पण कडेचा सोफा ताणला जातो, आणि तेच घर पाहायला आलेल्या नव्या क्लायंटला आपण फसवले गेलो असं वाटतं. लहान खोली लहानच दाखवा. लहान जागा सोडवता येणं हेच अनेकांना विकत घ्यायचं असतं.

सेटिंग म्हणून अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर. खिडकीबाहेरचं आणि आतलं दोन्ही नीट यायला वेगवेगळ्या एक्स्पोजरचे (उजेड कमी-जास्त घेतलेले) तीन ते पाच फोटो घ्या आणि नंतर जोडा. जोडताना हात आवरा: सावल्या राखाडी झाल्या किंवा खिडकीच्या कडेला पांढरी झालर आली तर एचडीआर (अशी फोटोंची जोडणी) जास्त झालं. चकचकीत लॅमिनेट, काच आणि पॉलिश दगडावरची झळाळी पोलरायझर फिल्टरने कमी होते. आरसा आणि धातू यांवर त्याचा उपयोग होत नाही; तिथे कॅमेऱ्याची जागाच बदलावी लागते.

मांडणी नुसत्या डोळ्यांनी न तपासता स्क्रीनवर तपासा. डोळा वायर विसरतो, कॅमेरा विसरत नाही. कचऱ्याचा डबा, रिमोट, चार्जर, फ्रिजवरची चुंबकं, बाथरूममधल्या बाटल्या, पायपुसणं हलवा. कमोडचं झाकण बंद. लॅमिनेटवरची संरक्षक फिल्म आणि काचेवरचे स्टिकर काढा, हे आश्चर्य वाटेल इतक्या वेळा राहतं. पडद्यांना आणि चादरींना स्टीमर फिरवा. खुर्च्या एका रेषेत घ्या आणि टेबलाच्या कडेपासूनचं त्यांचं अंतर सारखं ठेवा.

प्रत्येक प्रकल्पात फोटोंचे प्रकार ठरलेले असावेत. पूर्ण खोली दाखवणारे. एका जागेतून दुसरी दिसते असे. जवळचे, म्हणजे दोन साहित्यं जिथे भेटतात तो कोपरा, हँडल, कडपट्टी, दगडाचा सांधा. आणि वापराचे, म्हणजे ड्रॉवर उघडा, फोल्डिंग टेबल उघडलेलं, कपाटाच्या आतली विभागणी. शेवटचे दोन प्रकार बहुतेक पोर्टफोलिओंत नसतात, आणि चांगल्या कामासाठी पैसे मोजायला तयार असलेला माणूस नेमकं तेच झूम करून पाहतो. एका प्रकल्पाला ८ ते १५ फोटो. एकाच खोलीचे किंचित कोन बदललेले चार फोटो म्हणजे तीन जास्तीचे.

‘आधी’चे फोटो मोजमाप घ्यायला जाता त्याच दिवशी काढा. कॅमेरा कुठे होता, किती उंचीवर होता आणि लेन्स कुठली होती हे लेआउटवर लिहून ठेवा. ‘नंतर’चा फोटो त्याच जागेवरून आला तरच तुलना पटते. ‘आधी’चा अंधारा आणि ‘नंतर’चा झगझगीत अशी जोडी कुणाला फारशी पटत नाही.

फोटोग्राफर शक्य नसेल आणि मोबाइलच वापरायचा असेल तर मुख्य १एक्स लेन्सच वापरा, ०.५ची नको. लहान ट्रायपॉड घ्या, ग्रिड चालू करा, एक्स्पोजर लॉक करा. एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर हळू करा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे १/५० सेकंद किंवा त्याहून हळू, ६० हर्ट्झला १/६०. तरीही पहिल्या दोन प्रकल्पांचे फोटो व्यावसायिकाकडून काढून घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पोर्टफोलिओवर खर्च करायचा तर तो इथे.

पायरी ५: रेंडर, संकल्पना आणि एआयची चित्रं

प्रत्येक रेंडरवर (जागा कशी दिसेल ते दाखवणाऱ्या, संगणकावर केलेल्या चित्रावर) ‘रेंडर’ असं लिहा, चित्राच्या अगदी जवळ. खऱ्या फोटोंत रेंडर मिसळून दिले आणि क्लायंटला नंतर कळलं, की खऱ्या फोटोंवरचाही विश्वास जातो. याउलट एकाच कोनातून मंजूर झालेलं रेंडर आणि पूर्ण झालेल्या जागेचा फोटो शेजारी ठेवला तर तो फार बळकट पुरावा ठरतो: हे लोक दाखवतात तेच बांधतात. एआयने बनवलेली चित्रं मूड बोर्डासाठी खुशाल वापरा, पण केलेलं काम म्हणून पोर्टफोलिओत त्यांना जागा नाही.

नुकती सुरुवात करणाऱ्यांकडे पूर्ण घरं नसतात. त्यांनी काल्पनिक महाल रेंडर करत बसू नये. एखादी खरी खोली मोजा, तिच्या बीम, खिडक्या आणि वीज-पाण्याच्या पॉइंटसकट लेआउट करा, आणि ‘संकल्पना’ असं लिहून दाखवा. प्रत्यक्ष पूर्ण केलेला एकच कोपरा, अभ्यासाची जागा किंवा प्रवेशाचा पॅसेज, ड्रॉइंगसह नीट दाखवला तर तो पाच रेंडरांपेक्षा जास्त बोलतो.

पायरी ६: मजकूर

‘आधुनिकता आणि ऊब यांचा सुरेख मिलाफ साधणारं घर.’ हे वाक्य कुठल्याही घराखाली चालतं, म्हणून ते कुठेच चालत नाही. प्रकल्पाच्या मजकुरात चार गोष्टी याव्यात: जागा आणि माणसं, अडचण, निर्णय आणि त्यामागचं कारण, आणि त्याने काय बदललं. एकूण १२० ते १८० शब्द. उदाहरणासाठी एका घराच्या मजकुराचा गाभा असा असू शकतो:

‘९४० चौरस फूट, दोन बेडरूम, चार माणसं. छताची उंची ८ फूट ६ इंच आणि दिवाणखान्याच्या मधोमध ९ इंच खाली आलेला बीम. बीम लपवायला पूर्ण फॉल्स सीलिंग केलं असतं तर उंची ८ फुटांच्या आत गेली असती. म्हणून बीम उघडा ठेवून त्याच्याच रेषेत दोन्ही बाजूंनी वापरता येईल असं पुस्तकांचं कपाट आणलं. त्याने बैठक आणि जेवणाची जागा वेगळी झाली आणि वेगळी भिंत बांधावी लागली नाही.’

यात एकही विशेषण तुमची स्तुती करत नाही, तरी तुम्ही विचार कसा करता ते कळतं. घरात असाच बीम असलेला वाचक इथे थांबतो. प्रकल्पाची अडचण आठवत नसेल तर साइटवरचे जुने मेसेज आणि बदललेली ड्रॉइंग चाळा. लेआउट जिथे दोन-तीनदा बदलला तिथेच सांगण्यासारखं काहीतरी असतं. आधीचा आणि नंतरचा लेआउटही दाखवा, पण वर्किंग ड्रॉइंग जसंच्या तसं नको. मोजमापांची गर्दी आणि टायटल ब्लॉक (नकाशाच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) काढून, भिंती व फर्निचर एवढंच ठेवलेलं साधं चित्र करा. क्लायंटला ते वाचता यायला हवं.

मजकुराखाली एक लहान चौकट ठेवा: क्षेत्रफळ, कालावधी, तुमच्या कामाची व्याप्ती, मुख्य साहित्य, फोटोग्राफरचं नाव. व्याप्तीत काटेकोर राहा. फक्त डिझाइन केलं की देखरेखही केली की पूर्ण काम करून दिलं, हे तिन्ही वेगळं आहे आणि चुकीच्या चौकशांतल्या बऱ्याच इथूनच निघतात. खर्चाचे आकडे जाहीर करायचे नसतील तरी साहित्याची यादी स्तर सांगते. नैसर्गिक व्हेनिअर, पूर्ण दगडाचा ओटा, सुतारकाम जागेवर केलेलं, इतकं वाचून हे काम आपल्यासाठी आहे की नाही ते क्लायंट स्वतःच ठरवतो.

पायरी ७: फाइल आणि माध्यमं

वेबसाइटसाठी लांब बाजू २,००० ते २,४०० पिक्सेल, जेपीईजीचा दर्जा ७५ ते ८० किंवा वेबपी (वेबसाठीचा हलका फाइल प्रकार), आणि शक्यतो प्रत्येक फाइल ४०० केबीच्या आत. कलर प्रोफाइल एसआरजीबीच (स्क्रीनसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत). अ‍ॅडोब आरजीबीत एक्स्पोर्ट केलेले फोटो काही ठिकाणी फिके दिसतात आणि मग ‘मोबाइलवर लाकूड राखाडी का दिसतंय’ असा प्रश्न पडतो. गूगलच्या मोजपट्टीप्रमाणे पानावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसायला हवा. कॅमेऱ्यातून आलेली दहा-बारा एमबीची फाइल तशीच चढवली की हे कधीच साधत नाही. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं ठेवू नका. प्रकल्प, खोली, क्रमांक असं ठेवा. ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोला जोडलेल्या लेखी वर्णनात) फोटोत काय आहे ते एका साध्या वाक्यात लिहा. ते दृष्टिबाधितांना उपयोगी पडतं आणि शोधातही.

पीडीएफ वेगळी करा, १२ ते १६ आडव्या पानांची, १० एमबीच्या आत. ती मोबाइलवर उघडली जाणार हे लक्षात ठेवून एका पानावर जास्तीत जास्त दोन फोटो. सगळ्यांना एकच पीडीएफ पाठवण्यापेक्षा प्रत्येक प्रकल्पाची चार-चार पानं तयार ठेवा आणि चौकशीनुसार त्यांतली तीन-चार जोडून पाठवा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि समोरच्याला आपल्यासाठी काहीतरी निवडलंय हे जाणवतं.

छापील प्रत हवी असेल तर ए४ आकाराला ३०० डीपीआयने २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. वेबसाइटची फाइल पूर्ण पानावर छापली तर मऊ येते. सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) गडद निळे आणि हिरवे मंदावतात, म्हणून पूर्ण प्रत छापण्याआधी दोन पानांची चाचणी घ्या.

इन्स्टाग्रामसाठी ४:५ प्रमाण, १,०८० बाय १,३५० पिक्सेल. पिंटरेस्टसाठी २:३, म्हणजे १,००० बाय १,५००. आडवा फोटो नंतर कापून उभा करण्यापेक्षा शूटच्या दिवशीच काही फ्रेम उभ्या घ्या. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर पिन करता येतात. तिथे सर्वात जुळणारा प्रकल्प, तुमची कामाची पद्धत आणि क्लायंटचा अभिप्राय हे तीन ठेवा. वेबसाइटवरून काढलेलं काम तिथेही अर्काइव्ह करा. दोन ठिकाणी दोन वेगळे डिझायनर दिसता कामा नये.

पायरी ८: चौकशीचा फॉर्म आणि अभिप्राय

‘नाव, फोन, मेसेज’ एवढा फॉर्म ठेवला की कुणीही काहीही विचारतं. सात रकाने पुरेसे: नाव व संपर्क, जागेचा प्रकार आणि क्षेत्रफळ, जागा ताब्यात आहे का, काम कधी सुरू करायचं आहे, खर्चाचा टप्पा निवडण्याचे तीन-चार पर्याय, निर्णयात कोण कोण असेल, आणि आमचा कुठला प्रकल्प पाहून चौकशी केलीत. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पुढच्या वेळी काय ठेवायचं ते तोच सांगतो. फॉर्मच्या वर तुमच्या कामाचे टप्पे पाच-सहा ओळींत द्या आणि काय घेत नाही तेही सभ्यपणे लिहा, जसं की ‘सध्या आम्ही सुट्या फर्निचरची कामं घेत नाही’. या ओळीमुळे चौकशांचा आकडा घटेल. घाबरू नका, जी घट होते ती तुम्हाला नको असलेल्या कामांची असते.

अभिप्राय मागताना ‘दोन शब्द लिहा’ म्हटलं की ‘खूप छान काम, धन्यवाद’ येतं. नेमकं विचारा: काम सुरू होण्याआधी कशाची काळजी वाटत होती? ती काळजी केव्हा मिटली? राहायला लागल्यावर कुठली गोष्ट रोज उपयोगी पडते? शूटच्या दिवशीच विचारलं तर उत्तरं ताजी मिळतात. त्यांच्याच शब्दांत, लेखी संमतीने छापा, आणि सगळे अभिप्राय एका पानावर कोंबण्यापेक्षा ज्याचा त्याच्या प्रकल्पाखाली ठेवा.

पायरी ९: तपासून घ्या

नवी मांडणी सगळ्यांना जाहीर करण्याआधी पाच जणांना दाखवा. दुसरे डिझायनर नकोत. ते सांध्यांकडे आणि लेन्सकडे पाहतात. तुमच्या वर्णनातल्या क्लायंटशी जुळणारी माणसं घ्या, त्यांच्याच मोबाइलवर पहिलं पान दहा सेकंद दाखवा, मग बंद करून विचारा: हे लोक कसली कामं करतात? कुणासाठी? तुमच्या घराचं काम यांना द्यायला बोलावलंत तर पहिली शंका कोणती विचाराल? पाचांतल्या तिघांचं उत्तर तुमच्या वर्णनापासून दूर गेलं तर पहिला प्रकल्प किंवा पहिला फोटो चुकलाय, बाकीचं नंतर पाहा. तिसऱ्या प्रश्नाला आलेली शंका कामाच्या टप्प्यांत किंवा एखाद्या प्रकल्पाच्या मजकुरात उत्तर देऊन मिटवा.

त्यानंतर तीन महिने प्रत्येक चौकशीची नोंद ठेवा: कुठून आली, कुठला प्रकल्प सांगितला, वर्णनाशी जुळते का, भेट झाली का, काम झालं का. या काळात एका वेळी एकच बदल करा. पहिला फोटो, क्रम आणि फॉर्म एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. चौकशा कमी होऊन जुळणाऱ्या वाढल्या असतील तर दिशा बरोबर आहे. दोन्ही कमी झाल्या असतील तर बहुधा निवड फारच अरुंद झाली आहे किंवा पान कुणापर्यंत पोहोचतच नाही. आधी वेबसाइटला दिलेल्या भेटींचे आकडे पाहा, मगच प्रकल्पांना हात लावा.

दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस यासाठी राखून ठेवा. नवा प्रकल्प आत येताना सगळ्यात कमकुवत एक बाहेर जावा. मूळ रॉ फाइल, एडिट केलेले फोटो, परवानग्यांचे कागद आणि लेआउट यांच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक ऑफिसबाहेर. आणि हँडओव्हरच्या चेकलिस्टमध्ये या तीन ओळी आजच वाढवा: ‘आधी’चे फोटो व कॅमेऱ्याच्या जागा फाइलला लावल्या, शूटची तारीख क्लायंटशी ठरली, प्रकल्पाची अडचण आणि निर्णय चार ओळींत लिहून ठेवले.